नाणेघाटातली पाच अक्षरे : लेणी दाखवणाऱ्यांस आणि फलक लिहिणाऱ्यांस खुले पत्र

लेणी दाखवणारे गाइड, पावसाळी ट्रेक नेणारे गट आणि नाणेघाट, नाशिकची पांडवलेणी, रामटेक इथल्या माहितीफलकांचा मजकूर ठरवणारी अधिकारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

जुलै-ऑगस्टात नाणेघाटात पाय ठेवायला जागा नसते. जुन्नरकडून घाटघरमार्गे गाड्या येतात, वैशाखरेकडून चढून येणारे चिंब होऊन वर पोहोचतात, उलटा धबधबा बघतात, दगडी रांजणापाशी फोटो काढतात आणि सर जोरात आली की गुहेत शिरतात. त्या आडोशात त्यांच्या कानावर तुमची ठरावीक चार वाक्ये पडतात : नागनिका ही जगातली पहिली राज्यकर्ती स्त्री, तिने या रांजणात जकात गोळा केली, हा मराठीतला पहिला शिलालेख, आणि यात शून्याचा पहिला पुरावा आहे.

यातले एकही वाक्य त्या भिंतीवर नाही. भिंतीवर जे आहे ते मात्र कुणी सांगत नाही, आणि आमची तक्रार तेवढीच आहे.

आम्ही जुने लेख वाचतो. महाराष्ट्रात किमान तीन राण्या अशा आहेत की ज्यांच्याविषयी दंतकथेवर विसंबायची गरजच नाही, कारण त्यांची कागदपत्रे हाताशी आहेत. कागदाऐवजी दगड आणि तांबे, इतकाच फरक. नाणेघाटातली नायनिका, नाशिकची गौतमी बलश्री आणि रामटेक परिसरातली प्रभावतीगुप्ता. तिघींना आजवर दोन प्रकारे वागवले गेले. पाठ्यपुस्तकांनी त्यांना अमक्याची आई, तमक्याची मुलगी म्हणून एका ओळीत उरकले. आता मोबाइलवरच्या पोस्टी त्यांना 'पहिली', 'एकमेव', 'महापराक्रमी' अशी बिरुदे लावत सुटल्या आहेत. दोन्हीकडे त्यांचा लेख न वाचताच काम भागते.

नाणेघाटापासून सुरुवात करू. गुहेच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एकूण २० ओळी आहेत. बहुतेक अभ्यासक त्यांचा काळ इ.स.पू. पहिले शतक धरतात. जुन्या लेखांचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांनी यातले आकडे लावले आणि जर्मन अभ्यासक ब्यूलर यांनी १८८३ मध्ये सगळा पाठ अर्थासह छापला. मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले आहे, आणि तीही सगळी नाहीत.

पहिला घोटाळा इथेच होतो. बाजूच्या भिंतींवरचा मोठा लेख एका राणीविषयी आहे, पण तिचे नाव जिथे असायला हवे तिथला दगड गेला आहे. जे वाचता येते ते असे : ती अंगिय कुळाची कीर्ती वाढवणाऱ्या महारठीची (महारठी ही एक मानाची पदवी) मुलगी, 'सिरि' असा शेवट असलेल्या राजाची भार्या, वेदिसिरि आणि सति सिरिमत यांची आई. पुढे तिची विशेषणे येतात : मासोपवासिनी, घरात राहून तापसीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळलेली, दीक्षा-व्रते-यज्ञ यांत निष्णात. नाव मिळते ते मागच्या भिंतीवरच्या पाटीत : 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो'. म्हणजे देवी नायनिकेची आणि राजा श्री सातकर्णीची (प्रतिमा). या दोन गोष्टी जोडून मोठा लेख नायनिकेचा मानला जातो. जोड पक्क्या आधाराची आहे, पण ती जोड आहे, आणि फलकावर तसे लिहायला हरकत नसावी.

आता त्या पाटीची रचना पाहा. दोघांची एकच पाटी, आणि तिच्यात आधी राणी, मग 'च' घालून राजा. शेजारी 'महारठि त्रनकयिरो' अशी पाटी आहे. त्याला बहुतेक अभ्यासक नायनिकेचे वडील मानतात. ते बरोबर असेल, तर सासरच्या राजघराण्याच्या ओळीत सुनेच्या वडिलांची प्रतिमा उभी होती. व्याह्याला एवढा मान देणारी घराणी आजही शोधावी लागतील. रांजणाची गोष्ट सांगण्यात जी पाच मिनिटे जातात, ती इथे द्या. जकातीचा एक शब्दही या २० ओळींत नाही. घाट व्यापारी होता, कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नर-पैठणला जायचा, हे खरेच. म्हणून लेख जकातीचा होत नाही.

लेख आहे यज्ञांचा आणि दक्षिणेचा. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल यांना नमन आहे. संकर्षण-वासुदेव, म्हणजे बलराम-कृष्ण, हे नाव इतक्या जुन्या काळी दख्खनच्या घाटात यावे, हे एकटेच थांबून सांगण्याजोगे आहे. मग अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम अशी यज्ञांची यादी आणि प्रत्येकापुढे काय दिले त्याचा हिशेब. एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती, एका ठिकाणी रुप्याच्या १७ कुंभी, एका ठिकाणी ११,००० गाई आणि १००० घोडे, एका ठिकाणी २४,४०० काहापण. काहापण म्हणजे कार्षापण, तेव्हाचे नाणे.

हे आकडे पर्यटकाला बोट ठेवून दाखवता येतात, फक्त पद्धत आधी समजून घ्या. इथे शून्य नाही, कारण त्याची गरजच नाही. दहा, वीस, ऐंशी, शंभर, हजार यांना प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह आहे. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला सातचे चिन्ह चिकटवायचे. चार हजार म्हणजे हजाराला चार चिकटवलेला. त्यामुळे २४,४०० लिहायला तीन चिन्हे पुरतात : वीस हजार, चार हजार, चारशे. ११,००० ला दोनच : दहा हजार आणि हजार. चिन्हाची जागा बदलून किंमत बदलण्याची आपली पद्धत तेव्हा इथे नव्हती. 'शून्याचा पुरावा' म्हणून एखादे गोल अक्षर दाखवाल तर ते बहुधा 'ठ' असेल. ब्राह्मीत ठ म्हणजे नुसते वर्तुळ, आणि 'महारठि' या शब्दात तो येतोच.

'मराठीतला पहिला शिलालेख' हेही सोडून द्या. भाषा प्राकृत आहे, मराठी तिच्या वंशातली. पण नाते दाखवायचे असेल तर त्याच भिंतीवर सोपी वाट आहे. सातवाहन घराण्याचा मूळ राजा सिमुक याच्या पाटीवर 'राया सिमुक सातवाहनो' असे आहे. राजाचा राया झाला, तो लावणीत अजून तसाच आहे आणि रायगडातही. स्वरांमधला ज गळून य आला, तसाच नागनिकेतला ग गळून नायनिका झाली. नागनिका हे आपण संस्कृत वळणाने घडवलेले रूप. भिंतीवर तिची हाक नायनिका अशीच आहे. आणि शेवटचा 'य' नावाचा भाग नाही, तो षष्ठीचा प्रत्यय आहे. 'नायनिकाय' हे राणीचे नाव म्हणून सांगणे म्हणजे 'गंगेची' हे नदीचे नाव म्हणून सांगणे.

ती पाच अक्षरे कुणालाही दहा मिनिटांत वाचायला शिकवता येतात : ना-य-नि-का-य. व्यंजने तीनच. 'न' म्हणजे आडव्या रेघेच्या मधोमध उभी केलेली काठी. 'य' म्हणजे जहाजाच्या नांगरासारखे, खाली वाटी आणि मधून वर गेलेली दांडी. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह. काना म्हणजे डोक्यापासून उजवीकडे काढलेली छोटी आडवी रेघ, वेलांटी म्हणजे तीच रेघ वर वळवलेली. मुलांचा गट असेल तर आधी कागदावर पाच अक्षरे काढून द्या आणि भिंतीवर शोधायला लावा. ज्याला ती सापडली त्याला नायनिका कोण हे पुन्हा सांगावे लागणार नाही.

शोधताना नडते ते असे. समोरून फ्लॅश टाकला की खाचांतली सावली मरते आणि भिंत सपाट दिसते. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून, बाजूने तिरपी धरा. अक्षरे लगेच उठतात. फोटो चार काढा : उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून. कारण उजेडाच्या दिशेने धावणारी रेघ त्या फोटोत दिसतच नाही, आणि काना, वेलांटी, मात्रा नेमक्या अशाच हरवतात. दुसरे, हा बेसॉल्ट आहे. लाव्हा थिजताना त्यात बुडबुड्यांचे खड्डे राहतात आणि ते अनुस्वारासारखे दिसतात. छिन्नीच्या टिंबाची खोली शेजारच्या अक्षराएवढी असते आणि जागा ठरलेली असते. खड्ड्याला तशी शिस्त नसते.

खडू मात्र हातातही घेऊ नका. खडूने अक्षरे गिरवली की फोटो छान येतो आणि लेख बिघडतो. भुकटी छिन्नीच्या खाचेत जाते तशीच नैसर्गिक खड्ड्यांतही जाते, शिवाय गिरवणाऱ्याला जे अक्षर वाटले तेच पुढच्या प्रत्येकाला दिसू लागते. तुमची चूक दगडावर चढते. पाणी मारून अक्षरे गडद करण्याची सवयही तशीच. ती घटकाभर उठून दिसतात, पण ओल टिकते तिथे शेवाळ धरते. ठसे घेण्याचे काम, म्हणजे ओला कागद भिंतीवर बसवून, ब्रशने ठोकून खाचांत दाबून, वर शाईची पुडी फिरवण्याचे काम, पुरातत्त्व खात्यातल्या जाणत्या हातांचे आहे. घाईत किंवा ठिसूळ दगडावर केले तर कागदाबरोबर दगडाची पापडी निघते.

आता तिच्या वैधव्याविषयी. 'पतीनंतर लहान मुलासाठी राज्य चालवणारी विधवा राणी' हे चित्र ब्यूलर यांच्यापासून रूढ आहे. आधार मुख्यतः त्या विशेषणांचा : उपवास, तापसीपण, ब्रह्मचर्य. पण 'राजा वारला' असे वाक्य उरलेल्या ओळींत नाही, आणि व्रतस्थ वागणे यज्ञदीक्षेचाही भाग असते. म्हणून अभ्यासकांत मतभेद आहेत. तुम्ही दोन्ही मते सांगा. लेख तुटका आहे हे ऐकून पर्यटक निराश होत नाहीत, उलट भिंतीजवळ जाऊन तुटके कुठे आहे ते बघतात.

नाशिकला अडचण वेगळी आहे. पांडवलेण्यांत, म्हणजे जुन्या तिरण्हु डोंगरावर, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गाइड थांबतो आणि गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगतो : शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा. सगळे बरोबर. फक्त हे बोलते कोण, ते राहून जाते. तो लेख गौतमीपुत्राचा नाही, त्याच्या आईचा आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, उन्हाळ्याच्या दुसऱ्या पक्षात, १३ व्या दिवशी गौतमी बलश्रीने हे लेणे भदावनीय या बौद्ध भिक्षुसंघाला दिले, तेव्हाचा. मुलाच्या पराक्रमाची ती सगळी विशेषणे आईच्या दानपत्रात आहेत. त्यात 'आईची अखंड सेवा करणारा' हेही एक आहे, आणि ते तिने गाळलेले नाही. स्वतःविषयी ती सत्यवचन, दान, क्षमा, अहिंसा यांत रमलेली, तप-दम-नियम-उपवासात तत्पर, राजर्षिवधू या शब्दाला सर्वार्थाने शोभणारी, महाराजाची आई आणि महाराजाची आजी असे सांगते. तारखेत १३ हा आकडा १० आणि ३ अशा दोन चिन्हांत आहे. नाणेघाटची पद्धत इथेही चालू आहे, तेही दाखवा.

नावाचाही खुलासा करा. गौतमी हे तिच्या गोत्रावरून आलेले, बलश्री हे तिचे स्वतःचे. 'गौतमीपुत्र', 'वासिष्ठीपुत्र' अशी नावे पाहून सातवाहन मातृसत्ताक होते, असे बिनधास्त सांगितले जाते. गादी बापाकडूनच मुलाकडे जात होती. अनेक राण्यांच्या घरात हा मुलगा कोणत्या राणीचा, हे आईच्या गोत्रनावावरून कळे, एवढे त्यातून नक्की म्हणता येते.

याच लेण्यात, दानपत्राच्या भपक्यापुढे कुणाचे लक्ष जात नाही असा एक सरकारी हुकूम आहे. आम्हाला विचाराल तर आधी तो दाखवा. गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला, हुकूम धाडला होता : अपरकखडी गावातले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत भिक्षूंना द्यावे. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरा हुकूम निघतो, गोवर्धनचा अमात्य सामक याच्या नावे. आता हुकूम देणारे दोघे आहेत, राजा गौतमीपुत्र आणि 'जीवसुता राजमाता महादेवी'. जीवसुता म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे ती. हुकुमात नाव नाही, पण ही राजमाता बलश्रीच मानली जाते. मजकूर असा : कखडी गावात आम्ही पूर्वी शेत दिले होते, ते शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या शिवेवर आमच्या मालकीचे जे राजशेत आहे त्यातले १०० निवर्तने द्यावे. पुढे सवलती : राजपुरुषांनी आत शिरू नये, शेताला कुणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी लुडबुड करू नये. शेवटी लेख तयार करणाऱ्या प्रतिहाररक्षी (द्वाररक्षक) लोटेचे नाव येते, तेही स्त्रीलिंगी रूपात.

आमच्या मते बलश्रीचे मोठेपण इथे आहे. कागदावरचे दान आणि कसता येणारे दान यांतला फरक या हुकुमाला कळलेला आहे. २०० ची १०० झाली हे खरे, पण ओसाड गावातल्या दोनशेपेक्षा शहरालगतची शंभर बरी, हे भिक्षूंनाही पटले असावे. जमिनीच्या नोंदी आणि तलाठ्याच्या फेऱ्या ज्यांना ठाऊक आहेत त्या मराठी माणसाला हा हुकूम तीन समुद्रांच्या पाण्यापेक्षा जवळचा वाटेल.

तिसरी, प्रभावतीगुप्ता. हिच्या वाट्याला तर उपेक्षेपेक्षा गैरसमजच जास्त आले. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुळातली कुबेरनागा यांची ही मुलगी, विदर्भातल्या वाकाटक घराण्यातला राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पती गेल्यावर युवराज दिवाकरसेनाच्या वतीने तिने कारभार केला, तो किमान १३ वर्षे, कारण तिच्या ताम्रपटावर १३ वे वर्ष आहे. तो 'पुणे ताम्रपट' म्हणून ओळखला जातो, आणि लगेच कुणीतरी तिचे राज्य पुण्यापर्यंत नेते. ताम्रपट पुण्यात मिळाला इतकेच. तो निघाला नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून. ताम्रपट हा जमिनीचा दस्त असतो, तो घराण्याबरोबर, पुढे मोडीत, कुठेही जातो. ताम्रपट दाखवताना सापडल्याची जागा, निघाल्याची जागा आणि दिलेल्या गावाची जागा या तीन वेगळ्या सांगायच्या असतात. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची, शंखाची खूण असलेली मातीची मुद्राही मिळाली आहे.

दस्ताचा मायना वाचा. वाकाटकांच्या राज्यातला दस्त, पण वंशावळ सुरू होते गुप्तांपासून, माहेरची. स्वतःला ती 'धारणसगोत्रा' म्हणवते. ते वडिलांकडचे गोत्र, वाकाटक विष्णुवृद्ध गोत्राचे. मुद्रेवरचा श्लोक सांगतो की हे शासन 'जनन्या युवराजस्य', युवराजाच्या आईचे आहे आणि ते 'रिपुशासनम्', शत्रूंना आवरणारे आहे. 'गुप्तांच्या राजकारणातले प्यादे' हे तिचे वर्णन आपण किती सहज करतो! माहेरचा आधार तिने घेतला हे उघड आहे, पण तो तिने स्वतःच्या मुद्रेखाली घेतला.

दुसरा दस्त अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. महानुभावांमुळे ते नाव मराठी वाचकाला परके नाही. तो धाकटा मुलगा प्रवरसेन याच्या १९ व्या वर्षाचा, रामगिरिस्वामींच्या पायांपासून, म्हणजे रामटेकहून दिलेला. मुलगा राजा आहे, तरी दस्त आई देते आहे. यात 'साग्रवर्षशत-दिव-पुत्रपौत्रा' असा एक समास येतो. काहींनी त्यातून तिचे वय शंभरावर नेले. मिराशींसारखे अभ्यासक ते शंभर वर्षे मुला-नातवंडांना चिंतलेले आयुष्य म्हणून घेतात, आणि समासात मुले-नातवंडे आहेत हे पाहता तेच सरळ दिसते. फलकावर 'शतायुषी राणी' असे रंगवण्याआधी समास सोडवून घ्यावा. कालिदास तिच्या मुलांचा शिक्षक होता, ही गोष्टही रामटेकला हमखास ऐकवली जाते. तिच्या दस्तांत कालिदास नाही.

तर मागणी एवढीच. तिन्ही ठिकाणी फलकावर आधी मूळ ओळ द्या, देवनागरीत, तुटलेली अक्षरे टिंबांनी दाखवून आणि तर्काने भरलेली चौकटी कंसात घालून. खाली सरळ मराठी अर्थ. त्याखाली, वेगळ्या ओळीत, तर्क. नाव, काळ आणि नाते यांपैकी जे लेखात आहे ते ठळक, जे अभ्यासकांनी जोडले ते साध्या अक्षरात. 'पहिली' आणि 'एकमेव' हे शब्द वापरायचे असतील तर आधी कुणात पहिली ते लिहा, आणि लिहिता आले नाही तर शब्द खोडा.

नाणेघाटासाठी मजकूर आम्हीच करून देत आहोत. जसाच्या तसा वापरावा, आमचे नाव घालू नये.

आपले,
जुने लेख वाचणारे काही जण

फलकाचा मजकूर :

देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो
देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांची (प्रतिमा).

ही पाटी मागच्या भिंतीवर आहे. प्रतिमा तुटल्या आहेत. नायनिका म्हणजेच नागनिका. डाव्या व उजव्या भिंतींवरच्या २० ओळींत एका सातवाहन राणीच्या संदर्भात झालेल्या यज्ञांची व दक्षिणेची नोंद आहे : गाई, हत्ती, घोडे, रुप्याची भांडी, गावे, काहापण. ती महारठीची मुलगी आणि वेदिसिरीची आई असल्याचे लेखात आहे. तिचे नाव असलेला भाग तुटला आहे. ती राणी नायनिकाच, असे अभ्यासक वरील पाटीवरून मानतात. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. अक्षरांना हात, खडू किंवा पाणी लावू नये. विजेरी बाजूने तिरपी धरून पाहावे.